गुणवत्ता मोजायची कुठून?
दक्षिण आफ्रिकेतील शालेय रग्बीच्या संघनिवडीचा वाद

रग्बी हा खेळ आपल्या वस्त्यांत कोणी खेळत नाही. टीव्हीवर लागला तरी मुले दोन मिनिटे पाहतात आणि दुसरे चॅनेल लावतात. तेव्हा या खेळावर आपल्या साप्ताहिकाची पाने कशाला खर्ची घालायची, असे एखाद्या वाचकाने विचारले तर त्याचे काही चूक नाही. पण दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुलांचा रग्बी संघ कसा निवडावा यावर गेली चाळीसपेक्षा जास्त वर्षे जो वाद चालला आहे, तो वाचू लागलो की वाक्य न् वाक्य ओळखीचे वाटते. तिथेही 'गुणवत्ता' हाच शब्द पुढे केला जातो. तिथेही निवड झालेल्या काळ्या मुलाच्या पाठीमागे 'कोट्यातला आहे' अशी कुजबूज होते. तिथेही आईबाप पोराला घेऊन निवड चाचणीला जातात आणि यादीत नाव नाही म्हणून मुकाट्याने घरी परततात. देश वेगळा, खेळ वेगळा, पण युक्तिवाद जणू एकाच कारखान्यातून निघालेला!

आधी खेळाविषयी थोडे. रग्बीत एका बाजूला पंधरा खेळाडू असतात. चेंडू नारळासारखा लांबट. तो हातात घेऊन पळायचे, समोरच्याने कंबरेला मिठी मारून पाडायच्या आत सोबत्याकडे द्यायचा. मात्र हाताने चेंडू पुढे फेकायला मनाई, तो बाजूला किंवा मागेच द्यायचा. विरुद्ध बाजूच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की गुण मिळतात, त्याला 'ट्राय' म्हणतात. आपल्या कबड्डीची पकड आणि खो-खोची पळापळ एकत्र केली तर थोडीफार कल्पना येईल. या खेळात उंची, वजन आणि ताकद यांना फार महत्त्व आहे. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे पोटाचा प्रश्न येणार आहे.

शाळकरी मुलांच्या एका स्पर्धेने मंत्रिमंडळ हादरले

दक्षिण आफ्रिकेत शालेय रग्बीची सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे 'क्रेव्हन वीक'. रग्बी मंडळाचे त्या वेळचे अध्यक्ष दानी क्रेव्हन यांचे नाव तिला आहे. १९६४ साली ईस्ट लंडन या शहरात ती पहिल्यांदा भरली. तिथे जुलै म्हणजे हिवाळा. त्या दिवसांत सगळ्या प्रांतांचे अठरा वर्षांखालील संघ एका गावी जमतात आणि आठवडाभर खेळतात. गंमत म्हणजे या स्पर्धेत अधिकृत विजेता नसतो. मुलांनी जिंकण्याच्या चिंतेशिवाय मोकळेपणाने खेळावे, हा मूळ हेतू. हेतू चांगलाच होता. पण आठवडा संपताना राष्ट्रीय शालेय संघ जाहीर होतो आणि प्रेक्षकांत व्यावसायिक संघांचे व विद्यापीठांचे लोक वही घेऊन बसलेले असतात. ज्याच्यावर त्यांची नजर गेली त्याला करार मिळतो, पुढच्या शिक्षणाची सोय होते. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या पोराचे उभे आयुष्य त्या आठ दिवसांत वळण घेऊ शकते. अधिकृत विजेता नसेना का, पण हरणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतले बहुतेक त्या गावापर्यंत पोचलेलेच नसतात.

पहिली सोळा वर्षे ही स्पर्धा फक्त गोऱ्या मुलांची होती. १९८० साली कलर्ड मुलांच्या, म्हणजे मिश्र वंशाच्या मुलांच्या संघाला तिथे खेळू द्यावे असे ठरू लागले, तेव्हा सत्ताधारी नॅशनल पक्षातच भांडण जुंपले. आंद्रिस ट्रूर्निख्ट नावाचे कडवे मंत्री उघड विरोधात गेले. पंतप्रधान पी. डब्ल्यू. बोथा यांनी संघाला खेळू देण्याची बाजू घेतली. दोघांतली दरी वाढत गेली आणि १९८२ साली ट्रूर्निख्ट यांनी बाहेर पडून वेगळा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष काढला. फुटीला इतरही कारणे होती, पण शाळकरी पोरांनी एका मैदानावर खेळण्याची गोष्ट त्यांत होती हे विसरू नये. मैदानावर एकत्र खेळलेला मुलगा उद्या वर्गात शेजारी बसायला मागेल, ही भीती वर्णद्वेष्ट्यांना बरोबर कळली होती. चवदार तळ्याच्या पाण्याला विरोध करणाऱ्यांनाही ती अशीच कळली होती.

आता एक नेहमीचे विधान पाहू. काळ्या लोकांना रग्बीची आवडच नाही, ते फुटबॉलवाले, म्हणून संघात दिसत नाहीत, असे तिथे वर्षानुवर्षे सांगितले गेले. हे धादांत खोटे आहे. ईस्टर्न केप भागात मिशनरी शाळांतून शिकलेली काळी मुले एकोणिसाव्या शतकापासून रग्बी खेळत आली आहेत. पोर्ट एलिझाबेथ येथे काळ्यांचा 'युनियन' हा रग्बी क्लब १८८७ साली निघाला. कलर्ड खेळाडूंचे राष्ट्रीय रग्बी मंडळ १८९७ साली स्थापन झाले. खडकाळ मैदाने, गवताचा पत्ता नाही, बूट एकमेकांत वाटून घेतलेले, तरी तिथे पिढ्यान् पिढ्या रग्बी चालू होती. राष्ट्रीय संघात पहिला गोरेतर खेळाडू, एरॉल टोबायस, मात्र १९८१ साली आला. मधल्या नव्वद-पंच्याण्णव वर्षांत एकही लायक खेळाडू झाला नाही, असे ज्याला मानायचे असेल त्याने खुशाल मानावे.

बाबासाहेबांनी मांडलेला हिशेब

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी निवडीच्या प्रश्नाचा मुळापासून विचार केला आहे. माणसाची शक्ती तीन गोष्टींवर अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एक, जन्माने मिळालेले शरीर. दुसरी, आईबापांकडून आणि समाजाकडून मिळालेला वारसा, म्हणजे संगोपन, शिक्षण, साधने. तिसरी, त्याची स्वतःची धडपड. धडपडीत फरक असेल तर वागणुकीत फरक केलेला एकवेळ समजू शकतो. पण पहिल्या दोन गोष्टींच्या आधारे निवड करू लागलो तर शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. ज्याच्या मागे घर, पैसा, ओळखी तोच निवडला जाणार, आणि अशा निवडीला लायकांची निवड म्हणता येणार नाही, ती सवलतवाल्यांची निवड झाली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे रग्बी नव्हती, हे उघड आहे. पण रग्बीच्या निवड समितीने आपल्या खोलीत टांगून ठेवावा असा हा विचार आहे.

मी शिकलो ते जमाखर्चाचे. वहीत अखेरची शिल्लक किती हे पाहून कोणी धंद्याची पारख करीत नाही, आरंभीची शिल्लक काय होती ते आधी पाहतो. निवड चाचणीच्या मैदानावर मात्र फक्त अखेरची शिल्लक वाचली जाते.

दक्षिण आफ्रिकेत ही आरंभीची शिल्लक म्हणजे शाळा. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांचे शिक्षण मुद्दाम हलके ठेवले. गोऱ्या विद्यार्थ्यावर सरकार काळ्या विद्यार्थ्याच्या कित्येक पट पैसा खर्च करी. १९९४ साली मंडेलांचे सरकार आले, शाळांची दारे कायद्याने सर्वांना खुली झाली. पण १९९६ च्या शाळा कायद्याने शाळांच्या नियामक समित्यांना पालकांच्या संमतीने फी आकारण्याची मुभा राहिली. पूर्वीच्या गोऱ्या शाळांनी फीच्या जोरावर आपली हिरवी मैदाने, पगारी प्रशिक्षक, व्यायामशाळा, वसतिगृहे टिकवली. ब्लूमफॉन्टेनचे ग्रे कॉलेज, स्टेलनबॉशचे पॉल रूस जिम्नॅशियम, पार्ल गावच्या दोन शाळा अशा मोजक्या शाळांतून राष्ट्रीय संघाला पिढ्यान् पिढ्या खेळाडू मिळत आले. टाउनशिपमधल्या, म्हणजे शहराबाहेर काळ्यांसाठी वसवलेल्या वस्त्यांतल्या, शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मिळाला तर नशीब. दोन्हीकडच्या मुलांना एका सकाळी एका मैदानावर उभे करायचे, शिट्टी वाजवायची आणि म्हणायचे की आता समान संधी!

यादी कशी बनते

प्रांतिक संघाची निवड साधारण अशी होते. शाळेच्या सामन्यांतून नावे पुढे येतात, मग चाचण्या, मग यादी. निवडणारे बहुधा शाळांचेच प्रशिक्षक आणि शिक्षक. त्यांतल्या प्रत्येकाला आपल्या शाळेचा मुलगा अधिक ठाऊक असतो. यात दरवेळी लबाडीच असते असे मी म्हणत नाही. जो मुलगा आठवड्यातून चार वेळा डोळ्यांपुढे खेळतो त्याच्या चुका माफ होतात, त्याचा एखादा वाईट दिवस 'आज बरे नव्हते' म्हणून सोडून दिला जातो. जो दूरच्या शाळेतून एकदाच आला त्याचा वाईट दिवस हीच त्याची ओळख ठरते. त्याला दुसरा दिवस मिळत नाही.

त्यात आणखी एक बाब आहे, तिच्याकडे आपल्याकडचे पालकही लक्ष देत नाहीत. वयोगट वर्षाने बांधलेले असतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. तेरा-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे केवढे! एकाला मिसरूड फुटलेली, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. निवडणारा मोठ्या अंगाचा मुलगा उचलतो, त्याला चांगले प्रशिक्षण मिळते आणि दोन वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळाडू होतो. मग निवडणारा म्हणतो, पाहा, माझी पारख बरोबर होती. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांची निवड प्रमाणाबाहेर होते, हे अनेक देशांत आणि अनेक खेळांत अभ्यासकांना आढळले आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात मुलांचे काही गट वयाबरोबर वजनावरही बांधतात, म्हणजे लहान चणीच्या मुलाला निदान खेळायला तरी मिळते. कुस्तीच्या आखाड्यात आपण वजनाचे गट किती काळापासून पाळतो आहोत! इतर खेळांच्या बाबतीत मात्र ते कुणाला सुचत नाही.

अंगकाठी म्हटली की अन्न आले. इथे सिया कोलिसीची कथा सांगायला हवी. हा १६ जून १९९१ रोजी जन्मलेला, पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्विडे टाउनशिपचा मुलगा. (त्या शहराचे नाव २०२१ साली बदलून गेबेर्‍हा झाले.) आजीने वाढवलेला. घरात खायची भ्रांत. पहिल्या प्रांतिक चाचणीला खेळायचा पोशाख नाही म्हणून तो आतल्या चड्डीवर खेळला. बाराव्या वर्षी मोसेल बे येथील एका स्पर्धेत त्याच्यावर नजर गेली आणि शहरातील नामांकित ग्रे शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. इंग्रजी धड येत नव्हते, ते तिथे शिकला. पुढे क्रेव्हन वीकला ईस्टर्न प्रॉव्हिन्सकडून खेळला. २०१८ साली तो दक्षिण आफ्रिकेच्या कसोटी संघाचा पहिला काळा कर्णधार झाला आणि २०१९ व २०२३ अशा दोन विश्वचषकांत त्याने देशाला विजय मिळवून दिला.

या कोलिसीने २०१९ च्या आरंभी एका मुलाखतीत कोट्याविषयी प्रतिकूल मत दिले आणि मोठा गदारोळ झाला. आपली निवड कातडीच्या रंगावरून व्हावी असे आपल्याला वाटत नाही, बदलाची सुरुवात टाउनशिपमधल्या शाळांपासून व्हायला हवी, असा त्याचा सूर होता. गोऱ्या वर्तमानपत्रांनी पहिला अर्धा भाग उचलून धरला. आपल्याकडेही आरक्षणाविरुद्ध बोलणारा आपलाच माणूस त्यांना किती आवडतो, ते वाचकांना सांगायला नको. पण त्याच मुलाखतीत त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र कमी छापली गेली. त्या इंग्रजी शाळेत गेलो नसतो तर पोटभर खायला मिळाले नसते, अंग वाढले नसते, मग तयारी कुठून झाली असती, असे तो म्हणाला होता. म्हणजे पोरगा टाउनशिपमध्येच राहिला असता तर हाच खेळाडू, हेच रक्त, हीच जिद्द, आणि तरीही निवडणाऱ्याने 'अंगाने कमी पडतो' असा शेरा मारून नाव खोडले असते. शेरा खोटाही ठरला नसता. कोट्याबद्दल मी कोलिसीशी सहमत नाही, पण अन्नाबद्दल तो बोलला ते सोळा आणे खरे आहे.

दुसरे नाव माकाझोले मापिम्पी याचे. १९९० साली जन्मलेला हा मुलगा ईस्ट लंडनजवळच्या ग्रामीण भागातला. साधी खेड्यातली शाळा, तीही रोज कित्येक किलोमीटर पायी. त्याच्यावर कोणा नामांकित शाळेची नजर गेली नाही, शिष्यवृत्ती नाही, क्रेव्हन वीक नाही. शाळकरी वयात निवड समित्यांच्या लेखी तो नव्हताच. गावच्या क्लबांतून वर येत येत तो राष्ट्रीय संघात आला, तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये योकोहामा येथे इंग्लंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने ट्राय केला. दक्षिण आफ्रिकेने त्यापूर्वी १९९५ व २००७ असे दोन अंतिम सामने जिंकले होते, पण विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या खेळाडूने ट्राय करण्याची ती पहिलीच वेळ! त्या स्पर्धेत खेळाडूंच्या पाठीवरील आकड्यांत त्यांच्या माणसांची छोटी छायाचित्रे छापली होती. मापिम्पीने दिलेली सारी छायाचित्रे त्याची स्वतःचीच निघाली. आई, बहीण, भाऊ कोणी उरले नव्हते.

'योग्य उमेदवार उपलब्ध नाही'

कोट्याचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. १९९५ साली विश्वचषक जिंकलेल्या संघात चेस्टर विल्यम्स हा एकटाच गोरेतर खेळाडू होता. देशभर त्याची छायाचित्रे लागली. संघातल्याच काहींकडून आपल्याला वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या, हे त्याने पुढे २००२ साली आपल्या चरित्रग्रंथातून जगापुढे आणले. त्यानंतरच्या काळात प्रांतिक आणि शालेय संघांत गोरेतर खेळाडूंची किमान संख्या ठरवली गेली. २०१५ साली रग्बी संघटनेने २०१९ पर्यंत निम्मे प्रतिनिधित्व गाठण्याचे उद्दिष्ट लिहून दिले. एप्रिल २०१६ मध्ये क्रीडामंत्री फिकिले म्बालुला यांनी उद्दिष्टे पाळली नाहीत म्हणून रग्बी, क्रिकेट, ॲथलेटिक्स आणि नेटबॉल या चार संघटनांना मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे यजमानपद मागण्यास बंदी केली. हे दडपण नसते तर एक पाऊलही पुढे पडले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही कोटा भरण्याच्या रीतीत खोट आहे, आणि कचेरीत बिंदुनामावली पाहणाऱ्या माणसाला ती लगेच दिसते. पहिली खोट जागेची. रग्बीत अगदी कडेला धावणारा खेळाडू असतो, त्याला विंग म्हणतात. चेंडू त्याच्यापर्यंत शेवटी येतो. खेळ चालवणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या जागा मधल्या. काळ्या खेळाडूंना कडेला उभे करून संख्या भरली जाते, मधल्या जागा मात्र जुन्यांकडेच राहतात, ही तिथली फार जुनी तक्रार आहे. आपल्याकडे शिपाई-कारकुनाच्या जागांचा अनुशेष भरायचा आणि वरच्या जागांपुढे 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असा शेरा लिहायचा, हा प्रकार याहून किती वेगळा आहे?

दुसरी खोट मोजणीची. संघात काळी मुले किती हे मोजले जाते, ती कुठून आली हे मोजले जात नाही. त्यामुळे श्रीमंत शाळा टाउनशिपमधला चुणचुणीत मुलगा शिष्यवृत्तीवर उचलून नेते, त्याच्या नावावर संख्या पुरी होते आणि त्याची जुनी शाळा होती तिथेच राहते, नव्हे, आणखी रिकामी होते. त्या एका मुलाचे कल्याण झाले यात शंका नाही. कोणी आईबाप ती संधी नाकारू नये. पण मागे राहिलेल्या शंभरांना मैदान मिळाले का? उलट त्यांच्यातला चांगला खेळाडू गेल्यामुळे संघ हरू लागतो आणि निवडणारे तिकडे फिरकेनासे होतात. तयार खेळाडू असे उचलून नेण्याची ही चाल फक्त दक्षिण आफ्रिकेत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ऑकलंडमधील दहा शाळांनी सेंट केंटिगर्न कॉलेज या खासगी शाळेच्या पहिल्या संघाशी खेळणार नाही असे जाहीर केले होते, ते याच तक्रारीवरून.

कोट्यामुळे वगळलेल्या गोऱ्या मुलाचे दुःख खोटे असते असे मी म्हणणार नाही. सतरा वर्षांचे पोर आहे, त्याने काही बांटू शिक्षण कायदा केला नव्हता. त्याला कोणीतरी नीट समजावून सांगायला हवे. पण सोळा वर्षे ज्यांना त्या आवारात पायच ठेवू दिला नाही, त्या मुलांना समजावून सांगायला कोण गेले होते?

ज्यांना हे सारे परक्या देशातले वाटत असेल त्यांनी पळवणकर बाळू यांना आठवावे. चर्मकार समाजातला हा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात मैदानाची कामे करता करता तयार झाला. गोऱ्यांना हरवायचे म्हणून हिंदूंनी संघात घेतले, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी मुंबईतल्या हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही ते नाहीच. १९२० साली अन्याय असह्य झाला तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. तेव्हा कुठे गोष्टी हलल्या, आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. (१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले, तो भाग वेगळा.) कर्णधारपदाला लागणारी 'योग्यता' भावांनी नकार दिल्यावर एकाएकी कशी उत्पन्न झाली, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

मग न्याय्य निवड कशी असावी? माझ्या मते चाचणी एका दिवसाची नसावी, हंगामभर निरनिराळ्या मैदानांवर पाहणी व्हावी, आणि त्यांतली काही मैदाने वस्तीतली असावीत. निवडणाऱ्यांनीही कधी धुळीत उभे राहावे. ज्याचा मुलगा किंवा ज्याच्या शाळेचा मुलगा चर्चेत असेल त्याने त्या वेळी खोलीबाहेर जावे. आमच्या कचेरीत टेंडर उघडताना नातलग असलेल्या कर्मचाऱ्याला दूर ठेवतात, मग मुलांच्या भविष्याची पाकिटे उघडताना का नको? येण्याजाण्याचे भाडे, बूट आणि दुपारचे जेवण संघटनेने द्यावे. वगळलेल्या मुलाला काय कमी पडले ते लिहून द्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला काही करता येईल. आणि संख्या मोजायचीच तर प्रांतातल्या किती शाळांतून मुले आली तीही मोजावी. जेवण, बूट आणि शिकवणारा मिळाला तर काय होते, हे आपल्या देशानेही पाहिले आहे. भुवनेश्वरच्या कलिंग समाजविज्ञान संस्थेतील आदिवासी मुलांच्या संघाने २००७ साली लंडनमध्ये चौदा वर्षांखालील शाळांची आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा जिंकली. त्यावर पुढे 'जंगल क्राय' हा चित्रपटही निघाला.

आपल्या मुलांपुढे क्रेव्हन वीक नाही, पण जिल्हा आणि विभागाच्या शालेय संघनिवडी दरवर्षी येतात. कबड्डी, खो-खो, कुस्ती, ॲथलेटिक्स. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण या दोन्हींसाठी खेळाची प्रमाणपत्रे लागतात, तेव्हा यादीत नाव असणे ही हौसेची बाब राहिलेली नाही. पालकांनी शाळेत जाऊन चाचणीची तारीख आधी विचारावी, नोटीस फलकावर लागली का ते पाहावे. मुलाच्या जन्मतारखेचा दाखला आणि शाळेचे ओळखपत्र अगोदर तयार ठेवावे, कारण कागदासाठी परत पाठवलेला मुलगा वगळलेल्या यादीतही मोजला जात नाही. चाचणीला मुलासोबत कोणीतरी मोठे माणूस जावे. आईबाप दोघांची ड्युटी असेल तर विहारातल्या युवक मंडळाच्या एका कार्यकर्त्याने चार मुले बरोबर न्यावीत. निवड समितीत कोण आहेत ते विचारणे हा उद्धटपणा नव्हे. नाव आले नाही तर मैदानावर भांडू नये. कशात कमी पडला ते कळवावे, असा साधा चार ओळींचा अर्ज दुसऱ्या दिवशी क्रीडा शिक्षकांच्या नावे द्यावा, त्याची एक प्रत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात द्यावी, आणि दोन्ही ठिकाणी तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी.